संन्याशाचे राजकारण : एक प्रस्तावना

ज्या पिढीच्या हातून एखादे राज्य जन्मास येते, त्या पिढीतील पुरुषांची चरित्रे लिहिणे हे वरवर पाहता सोपे आणि वस्तुतः मोठे कठीण काम आहे. सोपे यासाठी, की घटनाच मुळात इतक्या भव्य असतात की त्यांची नुसती कालानुक्रमे मांडणी केली तरी वाचक भारावून जातो, आणि कठीण यासाठी, की त्या भव्यतेच्या झगमगाटात प्रत्यक्ष माणूस, त्याचे हिशेब, त्याच्या तडजोडी, त्याचे पराभव आणि बंद दाराआडच्या बैठकींतील त्याची मतांची जुळवाजुळव ही सारी दृष्टीआड होतात. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट झाली आहे. एक तर ते हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यसंग्रामाचे सर्वमान्य नेते, आणि त्यातून संन्यासदीक्षा घेतलेले यती. सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या, सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी जी भाषणे होतात त्यांत स्वामीजींचा उल्लेख एखाद्या पुण्यपुरुषाच्या स्मरणासारखा येतो, आणि त्यांना राजकारणी म्हणावे की नाही या विचाराने वक्ता क्षणभर अडखळतो, जणू त्या संबोधनाने त्यांचे काही उणे होणार आहे.

पुढील पृष्ठांत येणाऱ्या चरित्राची ओळख करून देताना मला मुद्दाम त्याच संबोधनाचा आश्रय करावयाचा आहे. स्वामीजी हे आमच्या मराठवाड्यातील पहिल्या पिढीचे राजकारणी होते. जेथे पक्ष नव्हता तेथे पक्ष उभारणारे, जेथे सभा भरविणे हाच गुन्हा होता तेथे ठराव, घटना, सभासदनोंदणी आणि कार्यकारिणी यांची सवय लावणारे, आणि शेवटी, ज्या राज्यभर आपली संघटना पसरली होती ते राज्यच नकाशावरून नाहीसे व्हावे यासाठी आग्रह धरणारे. माझ्या मते त्यांच्या कारकीर्दीचे सर्वांत विलक्षण अंग हे शेवटचेच आहे. राजकारणी माणूस आपला मतदारसंघ, आपला प्रदेश आणि आपले अनुयायी सांभाळीत सांभाळीत वर चढतो, हा सर्वसाधारण अनुभव; येथे एका माणसाने आपल्या कर्तृत्वाचे क्षेत्र आपल्याच हाताने विसर्जित केले. त्यांचे सारे चरित्र या एका कृतीकडे दृष्टी ठेवून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

ज्या भूमीवर हे घडले तिची व्यवस्था आधी ध्यानी घेतली पाहिजे. निजामाचे हैदराबाद म्हणजे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख लोकवस्ती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. अदालतीची, तहसिलीची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. सालारजंगांच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या तीस वर्षांत, जिल्हाबंदी होऊन कारभाराची एक पद्धतशीर घडी बसली होती. सुभेदार, अव्वल तालुकदार, तहसीलदार, पटेल आणि पटवारी अशी अंमलदारांची उतरंड होती. १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ होते, ज्याने एका देशी भाषेतून पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुलखाचा मोठा हिस्सा निजामाची खासगी सर्फ-ए-खास, उमरावांच्या पायगा आणि जहागिरी यांत विभागलेला होता, आणि तेथील कुळांना दिवाणी कायद्याचा आधार नावापुरताच मिळे. जाहीर सभा भरवावयाची तर 'गश्ती निशान ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकाप्रमाणे आगाऊ परवानगी काढावी लागे, आणि ती नाकारण्यास कारण द्यावे लागत नसे. खासगी शाळा काढावयाची तरी सरकारची मंजुरी हवी. एवंच, राज्य होते, राज्यकारभारही होता. राजकारण मात्र बेकायदा होते.

अशा मुलखात सार्वजनिक जीवनाचा पहिला अंकुर वाचनालयांत, गणेशोत्सवांत आणि शाळांत फुटावा हे स्वाभाविक होते. औरंगाबादेतील सरस्वती भुवन १९१५ सालचे. हैदराबाद, गुलबर्गा येथील मराठी शाळाही त्याच सुमाराच्या किंवा थोड्या आधीच्या. शिक्षक हा येथील पहिला कार्यकर्ता होता आणि शाळेची व्यवस्थापक समिती ही येथील पहिली निर्वाचित संस्था होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. स्वामीजीही राजकारणात आले ते शाळेच्या दारातूनच.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. जन्म कानडी मुलखातला, शिक्षणाचा बराच काळ सोलापुरात गेला, आणि मनाची घडण टिळक-गांधींच्या संधिकालातील महाराष्ट्रात झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले, तेव्हा हा विद्यार्थी सतराव्या वर्षात होता. आजन्म अविवाहित राहून देशकार्यास वाहून घेण्याचा निश्चय त्याने त्याच दिवसांत केला. पुढे पुण्याच्या टिळक महाविद्यालयातील शिक्षण, आणि मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालील उमेदवारी. चरित्रकार बहुधा या उमेदवारीवरून घाईने पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. जोश्यांचे राजकारण आवेशाचे नव्हते. ते वर्गणीच्या पावत्यांचे, सभासदांच्या याद्यांचे, मागण्यांच्या काटेकोर मसुद्यांचे आणि मालकाशी टेबलापाशी बसून केलेल्या वाटाघाटींचे राजकारण होते. स्वामीजींच्या पुढील आयुष्यात संघटनेच्या तपशिलाविषयी जो आग्रह दिसतो त्याचे मूळ मला येथे दिसते.

त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आली. खेड्यातील ही शाळा निजामी मुलखात राष्ट्रीय शिक्षणाचे एक केंद्रच झाली होती. तेथे मुख्याध्यापकी करीत असतानाच १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये कामाचे ठाणे अंबाजोगाईस हलले, आणि बाबासाहेब परांजप्यांसारख्या सहकाऱ्यांसह योगेश्वरी देवीच्या छायेत नव्या शाळेची उभारणी सुरू झाली.

संन्यास आणि राजकारण यांची सांगड कशी घालावयाची, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला जाई. त्याचे आध्यात्मिक उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. राजकीय उत्तर मात्र स्पष्ट आहे. ज्या राज्यात तीन भाषांचे लोक परस्परांकडे किंचित संशयाने पाहात होते, जेथे वकील मंडळी शहरात आणि शेतकरी खेड्यात, जेथे देशमुख-देशपांडे एका बाजूस आणि कूळ दुसऱ्या बाजूस, तेथे घर, जमीन, वतन, जात आणि वारस यांचे पाश कायदेशीर रीतीने तोडून टाकलेला पुरुष सर्वांना सारखाच जवळचा आणि सारखाच परका होता. तेलंगणातील कार्यकर्त्याने त्यांना मराठी पुढारी म्हणून नाकारावे तर ते जन्माने कर्नाटकातले. मराठवाड्यातील वकिलाने त्यांना बाहेरचे म्हणावे तर त्यांची उमेदीची वर्षे हिप्परगा-अंबाजोगाईत खर्ची पडलेली. संन्यासाने त्यांना समाजातून बाहेर नेले नाही. समाजातील कोणत्याही एका पक्षाचा हक्क त्यांच्यावर राहू दिला नाही.

हैदराबादेतील राजकारणाचा आरंभ भाषिक परिषदांनी झाला. आंध्र महासभा आधीची. तिच्या पाठोपाठ महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. लातूरनंतर परिषदेच्या सरचिटणीसपदाची धुरा स्वामीजींकडे आली, आणि त्याच वर्षी शाळा सहकाऱ्यांच्या स्वाधीन करून ते हैदराबाद शहरी राहावयास गेले. या परिषदांची भाषा अर्जविनंत्यांची होती: शिक्षण मातृभाषेतून व्हावे, सभाबंदीचे नियम शिथिल व्हावेत, जबाबदार राज्यपद्धती सरकार-ए-आलीच्या, म्हणजे निजाम सरकारच्या, छत्राखाली क्रमाक्रमाने यावी. तीन परिषदांचे तीन झरे एका प्रवाहात आणल्याखेरीज या अर्जांना वजन येणार नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत स्वामीजी अग्रभागी होते. म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेसची कल्पना पुढे आली. आणि संस्थेची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मापूर्वी मृत्युदंड झालेली अशी राजकीय संस्था आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीत रावी नारायण रेड्डी होते, जे पुढे तेलंगणातील कम्युनिस्टांचे अग्रणी झाले. एकाच तुकडीतून इतके भिन्न मार्ग फुटावेत यावरून त्या संघटनेच्या पोटात काय काय सामावले होते याची कल्पना यावी. स्वामीजीही लगोलग तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. ज्यांची नावे पटावरून कमी झाली त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, आणि त्यांतलेच एक पी. व्ही. नरसिंह राव स्वामीजींच्या अनुयायांत गणले जाऊन पुढे देशाचे पंतप्रधान झाले. सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून या चळवळीत उतरलेले गोविंदभाई श्रॉफ हे स्वामीजींचे सर्वांत निकटचे आणि सर्वांत स्पष्टवक्ते सहकारी ठरले.

सत्याग्रह जोरात असतानाच, डिसेंबर १९३८ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यावरून तो तहकूब करण्यात आला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह त्याच वेळी चालू होते. ते धार्मिक हक्कांसाठी होते, आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी त्यांत मिसळून गेली तर तिला जातीय रंग चढेल, ही भीती निराधार नव्हती. तुरुंगात बसलेल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय जिव्हारी लागला. परंतु राजकारणाची खरी परीक्षा अशाच प्रसंगी होते. माघार घेऊन संघटना टिकविणे हे तुरुंगात जाण्याहून अवघड असते, कारण तुरुंगात जाणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि माघार घेणाऱ्याला खुलासे द्यावे लागतात. पुढील सात-साडेसात वर्षे स्वामीजींनी असे खुलासे देत, सर अकबर हैदरींच्या सरकारशी संस्थेच्या नावापासून वाटाघाटी करीत, १९३९ च्या तुटपुंज्या सुधारणा नाकारीत, १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह करून आणि १९४२ च्या आंदोलनात पुन्हा बंदिवास पत्करून काढली. या कालखंडात डोळे दिपविणारा प्रसंग एकही नाही. चरित्राचा कणा मात्र येथेच आहे.

येथे दूरच्या एका उदाहरणाचे स्मरण होते. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलण्यापूर्वी, १७७२ साली, बोस्टनच्या सॅम्युएल ॲडम्सने गावोगावच्या मंडळींची पत्रव्यवहार समिती स्थापन केली; एका गावाचा ठराव दुसऱ्या गावास कळवावा, त्याचे उत्तर मागवावे, आणि अशा रीतीने परस्परांस न पाहिलेल्या लोकांत एका राजकीय समाजाची जाणीव उत्पन्न करावी, एवढेच तिचे काम. ॲडम्स हा सेनापती नव्हता आणि राज्यघटनेचा शिल्पकारही नव्हता. परंतु त्या समित्यांवाचून पुढील काँग्रेस भरली नसती. स्वातंत्र्य मिळाल्यावर राष्ट्राच्या मोठ्या पदांवर इतर मंडळी बसली आणि ॲडम्स आपल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातच राहिला, १७९४ ते १७९७ पर्यंत तेथील गव्हर्नर झाला आणि मग निवृत्त झाला. राज्याच्या पायाभरणीचे राजकारण आणि राज्य चालविण्याचे राजकारण यांना वेगवेगळ्या स्वभावाची माणसे लागतात, हा धडा त्या पिढीच्या चरित्रांतून मिळतो. परतूर आणि लातूरच्या परिषदांचे इतिवृत्त वाचताना मला बोस्टनच्या त्या समित्या वारंवार आठवतात. फरक एवढाच, की ॲडम्सच्या बोस्टनमध्ये नगरसभा कायदेशीर होती आणि आमच्याकडे सभेचा मांडव घालण्यापूर्वी तालुकदाराचा परवाना हवा होता.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्टेट काँग्रेस उजेडात आली. उजेडात येताच तिच्यातील भेदही दिसू लागले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजींनी बुर्गुल रामकृष्ण राव यांचा अल्प मताधिक्याने पराभव केला. ज्यांना एकमुखी नेतृत्वाची कथा हवी असते त्यांना हे मताधिक्य गैरसोयीचे वाटते. मला ते भूषणास्पद वाटते. वाटाघाटी करून जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे असे मानणारा मवाळ गट, आणि संपूर्ण जबाबदार राज्यपद्धतीवाचून समझोता नको म्हणणारा, शेतकऱ्यांच्या प्रश्नाला अग्रक्रम देणारा गोविंदभाईंसारख्यांचा डावा गट, यांच्यातील वाद मतपेटीने सुटला, फर्मानाने नव्हे. ज्या राज्यात प्रत्येक गोष्ट फर्मानाने सुटत असे, तेथे हेच मोठे स्थित्यंतर होते.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण कोणत्याही संघराज्यात सामील होणार नसल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात हैदराबादेत भरलेल्या स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनात स्वामीजींनी भारतात विलीनीकरणाची मागणी निःसंदिग्ध शब्दांत मांडली. ७ ऑगस्ट हा विलीनीकरण दिन म्हणून पाळण्यात आला, आणि १५ ऑगस्ट रोजी, देशभर रोषणाई होत असताना, राष्ट्रध्वज फडकवून स्वामीजी अटकेत गेले. नोव्हेंबरअखेर भारत सरकारशी जैसे थे करार झाला तेव्हा त्यांची सुटका झाली. जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. आणि मग सप्टेंबरपर्यंत ते तुरुंगातच होते. म्हणजे संग्रामाच्या शेवटच्या, रक्तरंजित पर्वात सर्वोच्च नेता गजांआड होता आणि कारभार दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई आणि इतर सहकाऱ्यांच्या कृतिसमितीच्या हाती होता.

मी औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ज्या उस्मानपुऱ्यात बसून हे लिहीत आहे तो भाग क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यान येतो. आज तेथे देवगिरी महाविद्यालयाची आणि शासकीय तंत्रनिकेतनाची मुले, संत एकनाथ रंगमंदिराचे प्रेक्षक आणि स्टेशनाकडे धावणाऱ्या रिक्षा यांचीच वर्दळ दिसते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद ही जी लोहमार्गाची रेषा निजामी मुलखातून टाकली गेली, तिच्यावरचे हे स्टेशन. १९४७-४८ मध्ये या रेषेला विलक्षण अर्थ आला होता: तिचे मनमाडचे टोक भारतात होते आणि उरलेली सारी गोदावरीकाठची ठाणी निजामाच्या अमलात. मनमाड, सोलापूर, बार्शी अशा सरहद्दीलगतच्या ठिकाणी कृतिसमितीची शिबिरे उभी राहिली. तेथून नाकी, चौक्या आणि ठाण्यांवर हल्ले झाले, आणि जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेचा खजिना लढ्यासाठी हस्तगत करण्यात आला. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो उच्छाद मांडला होता त्यास उत्तर म्हणून हे घडले, हे खरे. परंतु गांधीजींच्या मार्गाने सुरू झालेल्या चळवळीने शस्त्र केव्हा, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या मर्यादेत उचलले, हा प्रश्न चरित्रकाराने झाकून ठेवता कामा नये.

तसाच दुसरा प्रश्न. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी कारवाई पूर्ण केली आणि निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान रयतेवर जो सूड उगविला गेला, त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ आले होते. ज्या लढ्यात 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण गमावले, त्या लढ्याच्या विजयानंतर असे व्हावे, ही त्या विजयाला लागलेली काळिमा होय. औरंगाबादसारख्या शहरात, जेथे दोन्ही समाज शेकडो वर्षे एकाच नहरीचे पाणी पीत आले, तेथे बसून लिहिणाऱ्याने तरी हे पान वगळून पुढे जाऊ नये.

मुक्तीनंतरचा काळ स्वामीजींच्या दृष्टीने अधिक बिकट होता. आधी लष्करी गव्हर्नर, मग १९५० पासून सनदी अधिकारी वेल्लोडी यांचे मंत्रिमंडळ, आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मुख्यमंत्री म्हणून तेच बुर्गुल रामकृष्ण राव, ज्यांना स्वामीजींनी सहा वर्षांपूर्वी पक्षांतर्गत निवडणुकीत हरविले होते. जहागिरी १९४९ मध्ये संपुष्टात आल्या, १९५० मध्ये कूळकायदा झाला. परंतु पक्षातील गटबाजी विकोपास गेली, गोविंदभाईंसारखा जिवलग सहकारी काँग्रेसबाहेर पडला, आणि संघर्षात कसाला लागलेली कित्येक माणसे सत्तेच्या नव्या व्यवहारात अनाठायी ठरली. स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपद त्यांनी कधीच स्वीकारले नाही.

आणि येथे त्यांच्या कारकीर्दीतील ती कृती येते, जिचा उल्लेख मी आरंभी केला. हैदराबाद राज्य एकसंध ठेवावे, असे वाटणारे लोक थोडे नव्हते. त्यांत खुद्द पंडित नेहरू होते, ज्यांना उत्तर आणि दक्षिण यांच्या मीलनातून घडलेली ती संमिश्र संस्कृती मोडू नये असे प्रामाणिकपणे वाटे. स्थानिक पुढाऱ्यांचे हितसंबंधही राज्य टिकण्यात होते: एक राजधानी, एक विधानसभा, एक प्रदेश काँग्रेस, आणि त्या सर्वांवर वीस वर्षांच्या ओळखीने बसलेली पकड. स्वामीजींनी याउलट त्रिभाजनाचा पक्ष उचलून धरला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: ज्या तीन भाषिक प्रदेशांना केवळ एका राजघराण्याच्या मालकीने एकत्र बांधले होते, त्यांनी ती मालकी संपल्यावर एकत्र का राहावे? रयतेच्या भाषेत कारभार व्हावा, ही १९३७ मधील परतूरची मागणी खरी मानली तर तिचे तर्कशुद्ध पर्यवसान तेलंगणाने आंध्राकडे, मराठवाड्याने महाराष्ट्राकडे आणि कानडी जिल्ह्यांनी कर्नाटकाकडे जाण्यातच होते. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने १९५५ च्या अहवालात तेलंगणा तूर्त वेगळा ठेवण्याची शिफारस केली. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी तिन्ही भाग आपापल्या भाषाबंधूंना मिळाले आणि हैदराबाद राज्य संपले. त्याबरोबर स्वामीजींची अखिल हैदराबादी भूमिकाही संपली. कानडी मुलखात जन्मलेला, मराठवाड्यात घडलेला आणि तेलंगणाच्या राजधानीत राहिलेला हा पुरुष, तिघांच्या एकत्र असण्यामुळेच ज्याचे स्थान अद्वितीय होते, त्याने त्या एकत्र असण्यावरच पाणी सोडले.

१९५७ मध्ये ते औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली असता मराठवाड्याने त्या पक्षास साथ दिली, ही वस्तुस्थिती त्या निवडणुकीच्या अभ्यासकांनी नोंदविली आहे. ज्यांना निजामातून सुटून द्वैभाषिक मुंबई राज्यात का होईना आपल्या भाषेच्या माणसांत येता आले, त्यांना मुंबईसह स्वतंत्र महाराष्ट्र न मिळाल्याचे दुःख पुणे-साताऱ्याइतके तीव्र वाटले नसावे. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले, आणि स्वामीजी हळूहळू सत्तेच्या राजकारणापासून दूर झाले. १९६७ मध्ये त्यांनी हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

आपला आधार आपणच विसर्जित करण्याच्या या राजकारणाची किंमतही पडली, आणि ती मराठवाड्याने मोजली. १९५३ च्या नागपूर करारात मागास प्रदेशास न्याय्य वाटा देण्याची आश्वासने होती. परंतु आश्वासन आणि तरतूद यांतील अंतर किती राहिले ते १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडे मांडले तेव्हा उघड झाले. पाटबंधारे, रस्ते, शिक्षण या प्रत्येक खात्यात आमचा प्रदेश मागे होता. गोविंदभाईंनी उत्तर आयुष्याची अनेक वर्षे याच हिशेबासाठी झगडण्यात घालविली. स्वामीजींच्या पिढीने विलीनीकरणाच्या वेळी अटी घातल्या असत्या तर? हा प्रश्न आजही छत्रपती संभाजीनगर-नांदेडच्या बैठकींत विचारला जातो, आणि तो अन्यायाचा नाही. मला मात्र वाटते, की अट घालून सामील होणारा आणि तत्त्व म्हणून सामील होणारा यांचे राजकारण वेगवेगळ्या जातीचे असते. स्वामीजींनी दुसरा मार्ग घेतला, आणि पहिल्या मार्गाचे काम पुढच्या पिढीवर सोपविले. पुढच्या पिढीने ते वेळेवर उचलले नाही, याचा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु हे काम उरणार आहे हे त्यांना तेव्हाच दिसावयास हवे होते, एवढी टीका करण्याचा अधिकार वाचकाने राखून ठेवावा.

म्हणून या चरित्राच्या वाचकास माझे सांगणे असे, की त्याने ते पूज्यभावाने बंद न करता वादविवादासाठी उघडे ठेवावे. १९३८ ची तहकुबी, १९४६ ची निवडणूक, १९४८ मधील शस्त्रांचा प्रश्न आणि १९५६ चे त्रिभाजन, या चार ठिकाणी स्वामीजींच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे त्याने स्वतःशी ठरवावे आणि मगच पान उलटावे. ज्याच्या निर्णयांशी इतक्या वर्षांनंतरही असे भांडता येते तो राजकारणी जिवंत आहे असे समजावे. आणि स्वामी रामानंद तीर्थ यांना हा मान देणे, हे त्यांच्या पुतळ्यास हार घालण्याहून अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर